जुनी मोजयंत्रे आणि त्यांची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

जुने ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर आणि ब्रिज दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे साठली होती. त्यांतील काही निवडून, आणि सारखे प्रश्न एकत्र करून, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : निवृत्त झालेल्या एका अभियंत्याकडून मला टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप मिळाला. तो वीसेक वर्षे कपाटात बंद होता. थेट चालू करून पाहिला तर चालेल का? एक मित्र म्हणतो की व्हेरिअॅक (हवा तेवढा कमी-जास्त दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) लावून विजेचा दाब हळूहळू वाढवावा.

उत्तर : थेट चालू करू नका. वीस वर्षे थांबलेले यंत्र आणखी दोन संध्याकाळी थांबू शकते, आणि त्या दोन संध्याकाळींत जे कळते ते धूर निघाल्यावर कळून उपयोग नसतो. प्रथम वीज न जोडता पाहणी करावी. मागील बाजूचा व्होल्टेज-निवडक आपल्याकडील पुरवठ्याशी जुळतो का, फ्यूज योग्य क्षमतेचा आहे की पूर्वी कोणी तेथे तार गुंडाळून ठेवली आहे, वीजवाहक वायरचे आवरण तडकले आहे का आणि प्लगची अर्थिंगची पिन चॅसिसपर्यंत खरोखर पोहोचते का, एवढे तरी मल्टिमीटरने आणि डोळ्यांनी तपासावे. मग झाकण काढून बॅटरीच्या प्रकाशात प्रत्येक बोर्ड सावकाश पाहावा. फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, बोर्डावर पसरलेला तपकिरी डाग, माशांसारखा वास, या सर्व खुणा नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी त्या आठवत नाहीत.

त्यानंतर प्रत्येक वीजपुरवठ्याच्या रेषेचा चॅसिसशी असलेला रोध मोजावा. ४६५ मध्ये या रेषा उणे ८, अधिक ५, १५, ५५ आणि ११० व्होल्टच्या आहेत. एखाद्या रेषेवर रोध जवळजवळ शून्य आला, तर बहुधा तेथील टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. १९७२ सालच्या या मॉडेलमध्ये हा दोष इतक्या वेळा आढळतो की अनुभवी माणूस रोध मोजण्याआधीच त्या थेंबाच्या आकाराच्या कपॅसिटरांकडे पाहू लागतो. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे दुखणे वेगळे असते. त्याच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हाच त्यातील विद्युतरोधक असतो. दीर्घकाळ दाब न मिळाल्याने तो झिजतो, आणि एकदम पूर्ण दाब दिला की गळतीचा प्रवाह वाढून कपॅसिटर तापतो. कमी प्रवाहात हळूहळू दाब दिल्यास तो थर पुन्हा तयार होतो. आपल्या मित्राच्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच.

मात्र व्हेरिअॅकविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की त्यात एकच वेटोळे असल्याने तो यंत्राला मुख्य वीजवाहिनीपासून अलग करत नाही. अलगीकरणासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो. दुसरी अशी की ४६५ मध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असल्याने व्हेरिअॅक चालतो, परंतु नंतरच्या काळातील स्विचिंग पद्धतीचा पुरवठा असलेल्या यंत्रांत तो उलटा बाधतो, कारण तसा पुरवठा बाहेर ठरलेली शक्ती देत राहण्यासाठी आत येणारा दाब जितका कमी तितका अधिक प्रवाह ओढतो. माझी स्वतःची पसंती यंत्राच्या वीजमार्गात क्रमाने जोडलेल्या साध्या तंतूच्या दिव्याला आहे. यंत्र निर्दोष असेल तर दिवा क्षणभर उजळतो आणि मंद होतो; आत शॉर्ट असेल तर तो उजळलेलाच राहतो, सगळा दाब स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचवतो. शंभर वॅटचा एक दिवा, एक होल्डर आणि नीट झाकलेली जोडणी यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

दिवा मंद झाला की सर्व रेषांचे व्होल्टेज मोजावे; दिव्यामुळे ते थोडे कमी दिसेल, ते स्वाभाविक आहे. नंतर दिवा काढून पुन्हा मोजावे आणि त्यावरील लहर (रिपल, म्हणजे दाबातील उरलेला चढउतार) हीसुद्धा पाहावी. पडद्यावर रेघ नाही म्हणून लगेच ट्रिगर किंवा स्वीपच्या भागात शिरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. वीजपुरवठा बरोबर असल्याची खात्री झाल्याखेरीज बाकी कोणत्याही भागावर आरोप करू नये. टेक्ट्रॉनिक्सच्या त्याआधीच्या ५०० मालिकेतील व्हॉल्व्हच्या यंत्रांत तर उणे १५० व्होल्टची रेषा हीच इतर सर्व रेषांचा आधार असते. ती दोन टक्क्यांनी ढळली तर सगळे यंत्र तिच्यामागे ढळते, आणि दुरुस्त करणारा मात्र चार ठिकाणी चार दोष शोधत बसतो.

चित्रनलिकेच्या बाजूला सध्या हात घालू नका. ४६५ मध्ये तेथे एकूण त्वरणदाब १८ हजार व्होल्टच्या आसपास असतो. इतर मोठे कपॅसिटर रिकामे करताना पेचकसाने ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडावी. १ किलोओहमचा, ५ किंवा १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला लावून त्यातून रिकामे करावे. ४०० व्होल्टवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ ज्यूल ऊर्जा धरून असतो, आणि अशा रेझिस्टरमधून तो अर्ध्या सेकंदात रिकामा होतो. पण रिकामा झाला असे समजून लगेच बोट लावू नये. डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला भार काही मिनिटांनी पुन्हा वर येतो, म्हणून स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येक वेळी मोजावे.

प्रश्न : जुने यंत्र हाती आले की त्यातील सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदलून टाकावेत, म्हणजे पुढची चिंता मिटते, असा सल्ला मला अनेकांनी दिला. आपले मत काय?

उत्तर : माझे मत विरुद्ध आहे, आणि ते स्वतःच्या चुकीतून बनले आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑडिओ ऑसिलेटरचे आउटपुट अर्ध्यावर आले होते. मी दोन सुट्ट्या घालवून त्यातील २७ कपॅसिटर बदलले. दोष जागच्या जागी राहिला. वर एक नवा दोष निर्माण झाला, कारण त्यांतील एक कपॅसिटर मी उलटा बसवला होता. मूळ दोष एका कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचा होता. ओलाव्याने त्याचे मूल्य ४७ किलोओहमवरून ८० च्या पुढे गेले होते, आणि मल्टिमीटरचे टोक त्यावर टेकवले असते तर दहा सेकंदांत ते दिसले असते.

सगळे बदलण्याच्या पद्धतीत खर्चापेक्षा मोठे नुकसान असे की दोष कोठे होता हे कधीच कळत नाही. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीच्या बोर्डावर तांब्याचे गोल ठिपके एकदा तापले तर टिकतात, तीनदा तापले तर सुटून वर येतात. टेक्ट्रॉनिक्सच्या ५०० मालिकेत तर सुटे भाग सिरॅमिकच्या खाचा असलेल्या पट्ट्यांवर जोडलेले असतात. त्या खाचांतील धातूचा मुलामा चांदीचा असल्याने साध्या सोल्डरने वारंवार काम केले तर चांदी सोल्डरमध्ये विरघळते आणि मुलामा निघून येतो. म्हणून कंपनी सुमारे ३ टक्के चांदी असलेल्या सोल्डरचे छोटे रीळ यंत्राच्या आतच बसवून देत असे. ते रीळ अजून जागेवर असेल तर आपले यंत्र फारसे कोणी छळलेले नाही असे खुशाल समजावे.

तरीही काही कपॅसिटर न मोजता बदलावेत असेच असतात. मेणाच्या आवरणातील कागदी कपॅसिटर जवळजवळ हमखास गळतात; व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला असा एक कपॅसिटर गळू लागला तर तो पुढच्या व्हॉल्व्हचा बायस (ग्रिडवरचा ठरलेला दाब) बिघडवतो. वीज आत येते त्या ठिकाणी बसवलेले, पिवळसर पारदर्शक आवरणाचे आणि आत धातूचा मुलामा दिलेला कागद असलेले रिफा कंपनीचे कपॅसिटर बारीक भेगांतून ओलावा शोषतात आणि एके दिवशी फुटून खोली दाट, उग्र धुराने भरून टाकतात. यंत्र बंद करून बाजूला झाल्यावर त्यांचा धूर पाहण्यासारखा असतो, असे म्हणणारे छंदिष्ट मला भेटले आहेत. पण ते पडदे धुणारे नसावेत. त्यांच्या जागी त्याच सुरक्षा-वर्गाचा, म्हणजे एक्स-२ च्या जागी एक्स-२ आणि वाय-२ च्या जागी वाय-२, नवा कपॅसिटर घालावा; नुसते मूल्य जुळवून भागत नाही. तिसरा प्रकार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील बोर्डावर सपाट बसणाऱ्या लहान इलेक्ट्रोलिटिकांचा. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी च्या नियंत्रण-बोर्डावर ते गळतात, आणि त्यांचा द्रव तांब्याच्या रेषा खातो. येथे वाट पाहणे महागात पडते.

याउलट, मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यांतील फिल्टर कपॅसिटर चाळीस वर्षांनंतरही उत्तम निघालेले मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजावा, ठरलेल्या दाबावर गळतीचा प्रवाह पाहावा, यंत्र चालू असताना रेषेवरची लहर नियमपुस्तिकेतील मर्यादेत आहे का ते पाहावे. तिन्ही बरोबर असतील तर त्यांना राहू द्यावे.

प्रश्न : माझ्याकडील व्हॉल्व्हच्या मीटरच्या आराखड्यावर एका बिंदूला २४ व्होल्ट लिहिले आहेत. माझा डिजिटल मल्टिमीटर तेथे जवळजवळ ५० दाखवतो. इतर सगळे ठीक वाटते. दोष कोठे असावा?

उत्तर : बहुधा कोठेच नाही. आराखड्यावरचे आकडे ज्या मीटरने मोजले होते तो मीटर स्वतः त्या परिपथातून प्रवाह घेत होता, आणि आपला घेत नाही. उदाहरण पाहू. १०० व्होल्टवर २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर खरे व्होल्टेज ५० असते. आता १०० व्होल्टच्या पट्टीवर, दर व्होल्टला १,००० ओहम अशा जुन्या मीटरने मोजले तर त्याचा १०० किलोओहमचा रोध खालच्या रेझिस्टरला समांतर लागतो आणि काटा २४ च्या जवळ थांबतो. अॅव्हो मॉडेल ८ किंवा सिम्पसन २६० सारखा, दर व्होल्टला २०,००० ओहमचा मीटर त्याच ठिकाणी सुमारे ४७ दाखवतो. १० मेगओहमचा डिजिटल मीटर साडेएकोणपन्नास दाखवतो. तिघांपैकी कोणी खोटे बोलत नाही.

नियमपुस्तिकेच्या पहिल्या काही पानांवर, किंवा आराखड्याच्या कोपऱ्यातील बारीक टिपेत, कोणत्या संवेदनशीलतेच्या मीटरने व्होल्टेज मोजले हे लिहिलेले असते. ती टीप आधी वाचावी. मला तर एक जुना काट्याचा मीटर केवळ यासाठी टेबलावर ठेवावासा वाटतो, म्हणजे पुस्तिकेशी तिच्याच भाषेत बोलता येते.

प्रश्न : काट्याच्या मीटरची काच पुसली की काटा भलतीकडेच जाऊन अडकतो. मीटर बिघडला का?

उत्तर : नाही. काच म्हणजे बहुधा प्लॅस्टिक असते, कोरड्या फडक्याने ते भारित होते आणि हलका काटा त्याकडे ओढला जातो. पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे एक-दोन थेंब घालून त्या ओलसर कापडाने बाहेरून पुसावे. काटा लगेच शून्यावर येईल. तसे केल्यावरही काटा ठराविक जागी अडखळत असेल तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण शिरला असावा, आणि ते काम घाईने करण्याचे नाही. असा मीटर प्रवासात न्यायचा असेल तर त्याची दोन्ही टोके तारेने जोडून ठेवावीत. वेटोळे हलले की त्यात प्रवाह निर्माण होऊन तोच हालचालीला विरोध करतो, आणि काटा आपटत नाही.

प्रश्न : ह्यूलेट-पॅकार्ड ३४७८ए हा मल्टिमीटर मला चालू स्थितीत मिळाला आहे. आतील बॅटरी मूळचीच दिसते. ती बदलून टाकू का?

उत्तर : बदला, पण आज नको. या साडेपाच अंकी मीटरमध्ये अंशशोधनाचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे, सर्व आकडे एका लहान सीमॉस रॅममध्ये असतात, आणि वीज बंद असताना ती स्मृती केवळ त्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी उपटली की मीटर कोरा होतो. मग चांगल्या मानकांशिवाय तो पुन्हा शहाणा होत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे मागील जीपीआयबी (यंत्र संगणकाशी जोडण्याच्या) जोडणीतून त्या स्मृतीतील २५६ जागा संगणकावर वाचून घेणे आणि त्याच्या दोन प्रती जपणे. यासाठी छंदिष्टांनी लिहिलेले छोटे प्रोग्राम सहज मिळतात. दुसरे काम नवी बॅटरी जोडण्याचे. वीज बंद ठेवून, जुनी बॅटरी काढण्यापूर्वी, तिच्या टोकांना ३ व्होल्टचा बाहेरचा पुरवठा डायोडमधून समांतर द्यावा. डायोडमधील घट लक्षात घेऊन तो थोडा अधिक ठेवावा. सोल्डरिंग आयर्नचे टोक तापल्यावर त्याचा प्लग काढून घ्यावा, म्हणजे त्यातून गळणारा प्रवाह स्मृतीपर्यंत पोहोचत नाही. पुढच्या वेळी हा खटाटोप नको असेल तर नवी बॅटरी होल्डरमध्ये बसवावी, आणि होल्डरवर तारीख लिहावी.

समोरच्या पटलावर पेचकसाने फिरवण्याची एक लहानशी खाच आहे. तिने अंशशोधनाची स्मृती लिहिण्यास खुली होते. ती कुतूहलाने फिरवून पाहू नये.

त्याच काळातील इतर यंत्रांत खिडकी असलेल्या ईप्रॉम (यंत्राचा प्रोग्राम साठवणाऱ्या) चिप असतात. त्यांतील भार दशकांनी झिरपून जातो. यंत्र चालत असतानाच त्या वाचून प्रत ठेवावी आणि खिडकीवर अपारदर्शक पट्टी आहे का ते पाहावे. निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच बसवलेली असेल तर ती मात्र, आकडे वाचून झाले की, लगेच काढावी. तिचा द्रव अल्कधर्मी असतो. तो सौम्य व्हिनेगरने शमवून, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी.

प्रश्न : दुरुस्तीनंतर घरच्या घरी अंशशोधन करता येते का? माझ्याकडे एक जुना वेस्टन सेलही आहे.

उत्तर : घरी होते ती तुलना. ज्याला अंशशोधन म्हणावे त्यात ज्ञात अनिश्चिततेच्या मानकांची अखंड साखळी लागते, आणि ती साखळी आपल्या टेबलाशी तुटते. छंदासाठी तुलना बहुधा पुरते, फक्त तिला दुसरे नाव देऊ नये.

वेस्टन सेलचे व्होल्टेज २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८६ व्होल्ट असते, आणि १९११ पासून १९९० पर्यंत व्होल्टचे आंतरराष्ट्रीय मोजमाप अशा सेलच्या आधारे सांभाळले जात होते. परंतु आपला सेल किती म्हातारा आहे आणि त्याच्यावर पूर्वी काय बेतले हे ठाऊक नाही. त्याला साधा काट्याचा मीटर कधीही जोडू नये. त्याने ओढलेल्या प्रवाहानेच सेल बिघडतो. तो आडवा किंवा उलटा करू नये. त्यात पारा आणि कॅडमियम असल्याने काच फुटली तर प्रकरण गंभीर आहे. मी असता तर तो कपाटात मानाने ठेवला असता आणि कामासाठी एलएम३९९ वर आधारलेला छोटा संदर्भ-बोर्ड वापरला असता. त्या चिपमध्ये झेनर डायोडशेजारीच तापक असतो आणि तो झेनरला एकाच तापमानावर धरून ठेवतो, म्हणून खोलीतील उष्णतेने व्होल्टेज फारसे हलत नाही. वारंवारितेच्या बाबतीत मात्र छंदिष्टाचे भाग्य थोर आहे, कारण उपग्रहांच्या संकेतांनी शिस्त लावलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आता घरी ठेवता येतो.

प्रिसेटला (पेचकसाने फिरवायच्या, जुळवणीच्या रेझिस्टरला) हात लावण्याआधी यंत्र किमान अर्धा तास तापू द्यावे, आधीचे वाचन लिहावे, आणि प्रिसेटच्या मूळ स्थितीवर बारीक पेनने खूण करावी. एखादा प्रिसेट टोकापर्यंत फिरवूनही आकडा जुळत नसेल तर प्रिसेट फिरवणे थांबवून दोष शोधावा. यंत्र कारखान्यातून निघाले तेव्हा तो मध्याच्या आसपास असतानाच जुळले होते.

प्रश्न : एका विमानातील जुन्या मीटरच्या काट्यावर हिरवट रंग आहे. तो आता अंधारात चमकत नाही. खरवडून नवा रंग लावू का?

उत्तर : खरवडू नका आणि काच उघडूही नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अशा रंगात रेडियम असू शकते. चमकणारे फॉस्फर काही वर्षांत थकते, पण रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सर्ग गेलेला नाही. धोका मुख्यतः त्याची धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा आहे. बंद मीटर बंदच ठेवावा.

प्रश्न : ह्यूलेट-पॅकार्ड २०० मालिकेतील एक ऑसिलेटर उघडला. आत परिपथाच्या मधोमध एक छोटा दिवा आहे, पण यंत्र चालू केले तरी तो लागत नाही. दिवा गेला असे समजून त्याच मूल्याचा रेझिस्टर लावला, तर आउटपुट एकतर बंद पडते किंवा लहरीची टोके कापली जातात. काय चुकले?

उत्तर : दिवा गेलेला नव्हता. तो सूचक दिवा नाही. १९३९ च्या २००ए पासून बिल ह्यूलेट यांच्या मांडणीचा तो प्राणच आहे. डिस्ने स्टुडिओने त्याच कुळातील आठ २००बी विकत घेतले ते ज्या स्थिर आणि स्वच्छ लहरीसाठी, ती याच दिव्यामुळे मिळते. आउटपुट वाढू लागले की तंतू किंचित तापतो, त्याचा रोध वाढतो आणि ऋण प्रतिसाद वाढून आउटपुट खाली येते. आउटपुट घटले की उलट होते. हे सर्व तंतू डोळ्यांना दिसेल इतका न तापता घडते. रेझिस्टरला हे जमत नाही, म्हणून आपल्या परिपथाला मधली जागा सापडली नाही आणि तो एका टोकाला किंवा दुसऱ्या टोकाला गेला.

दिवा टाकून दिला नसेल तर त्याचा थंड रोध मोजा. तंतू अखंड असेल तर तोच परत बसवा, आणि त्याच्या मूळ जागेवर, मूळ दिशेने. यंत्राला धक्का बसला की तंतू थरथरतो आणि आउटपुटही थरथरते, म्हणून निर्मात्यांनी तो विचारपूर्वक बसवलेला असतो. परत लावल्यावर २० हर्ट्झच्या आसपास वारंवारिता बदलून पाहा. आउटपुट दोन-तीन सेकंद वर-खाली डुलून मग स्थिर होईल. तो दोष समजून पुन्हा काही बदलू नका. तंतू तापायला आणि निवायला तेवढा वेळ लागतो.